आकडा एकाने वाढवायचा होता

अब्बा साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. बिन कार्ड, इश्यू स्लिप, वर्षअखेरची स्टॉकची मोजणी यांत त्यांची नोकरी गेली. मी कॉम्प्युटरवर नेमकं काय करतो, हे त्यांना समजावण्याचे माझे प्रयत्न बरीच वर्षं फसत राहिले. माझं काम दाखवता येत नाही. मी वेबसाइट बनवत नाही की अ‍ॅप बनवत नाही. पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं एक यंत्र तयार करतो. त्यातल्या शेअर्ड लायब्रऱ्या कशा बिल्ड करायच्या, याचे नियम ज्या फायलींत लिहिलेले असतात त्या फायली मी सांभाळतो. त्यांना मेकफाइल म्हणतात.

एकदा सुट्टीत घरी गेलो असताना मी त्यांना बेअरिंगचं उदाहरण दिलं. '6205 म्हटलं की काय?' मी विचारलं. 'आतलं भोक 25 मिलिमीटर, बाहेरून 52, जाडी 15,' त्यांनी क्षणात सांगितलं. 'कुठल्या कंपनीचं?' 'कुठल्याही. नंबर तो असला की माप तेच.' मी म्हटलं, 'अब्बा, मी तेच नंबर सांभाळतो.' त्या दिवशी त्यांना माझं काम कळलं. माझ्याच कामाची जोखीम मला मात्र त्यानंतर काही महिन्यांनी कळली.

थोडं समजावून सांगतो. तारीख छापणं, फाइल उघडणं, मजकूर दाबून लहान करणं अशी कामं शेकडो प्रोग्रामना लागतात. प्रत्येकाने त्यासाठीचा कोड स्वतःच्या पोटात बाळगला तर डिस्क आणि मेमरी वाया जाते. त्यात चूक सापडली, तर प्रत्येक प्रोग्राम पुन्हा बनवावा लागतो. म्हणून तो कोड एका जागी ठेवतात आणि प्रोग्राम सुरू होताना त्याला जोडून देतात. ही झाली शेअर्ड लायब्ररी. तिथे केलेली दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोहोचते, आणि तिथे केलेला घोळही.

फ्रीबीएसडीत लहान लायब्ररीची मेकफाइल जेमतेम पाच-सहा ओळींची असते. लायब्ररीचं नाव, तिचा क्रमांक, कोणत्या फायलींतून ती बनते, तिला दुसऱ्या कोणत्या लायब्रऱ्या लागतात, आणि शेवटी एक ओळ, जी सगळ्यांसाठी असलेली सामायिक नियमांची फाइल आत ओढून घेते. बाकीचं काम ती मोठी फाइल करते. त्यातून इतर गोष्टींबरोबर दोन नावं तयार होतात: एक क्रमांक असलेलं, एक नसलेलं. प्रोग्राम बनवताना बिनक्रमांकाचं नाव वापरतात. पण तयार झालेल्या प्रोग्राममध्ये क्रमांकासकट नाव कोरलं जातं. पुढे तो प्रोग्राम जेव्हा जेव्हा सुरू होतो, तेव्हा तेच नाव शोधतो. तीन क्रमांक मागितला असेल तर तीनच. तो सापडला नाही, तर प्रोग्राम सुरूच होत नाही.

मेकफाइलमधली सगळी दुखणी सारखी नसतात. एक नेहमीचं सांगतो. 'क' लायब्ररीला 'ख' लागते, ही ओळ लिहायची राहिली. चार कोअरच्या मशीनवर नशिबाने 'ख' आधी तयार होते आणि कुणाला काही कळत नाही. बत्तीस कोअरच्या मशीनवर दोन्ही एकदम सुरू होतात, 'क' पुढे जाते आणि बिल्ड पडतो. पुन्हा चालवला तर चालतो, कारण तोपर्यंत 'ख' तयार झालेली असते. 'परत चालव, होईल' हा सल्ला आमच्या धंद्यात रोज ऐकू येतो. पण हा घोळ निदान आरडाओरडा करतो. माझा गप्प बसला.

आमच्या एका लायब्ररीत नोंदींचा एक साचा होता: आधी अमुक आकडा, मग तमुक, मग वेळ, अशा ठरलेल्या क्रमाने. मी त्यात मधेच एक नवा रकाना घातला. त्यामुळे पुढचे सगळे रकाने आठ बाइट सरकले. अशा वेळी लायब्ररीचा क्रमांक एकाने वाढवायचा असतो. तीनचा चार. मेकफाइलमध्ये एक अक्षर बदलायचं. मी ते केलं नाही. आमचे सगळे प्रोग्राम एकत्रच नव्याने बिल्ड होतात, सगळ्या चाचण्या पास झाल्या, मग कशाला, असा विचार केला. खरं सांगायचं तर क्रमांक वाढवला की जुन्या फायली काढण्याच्या यादीत नोंद करा, पॅकेजची यादी बदला, अशी आणखी चार कामं निघतात. शुक्रवार होता. कंटाळा केला.

एका ग्राहकासाठी आमच्याच लोकांनी आदल्या वर्षी अहवाल काढणारा एक छोटा प्रोग्राम वेगळा बनवून दिला होता. तो आमच्या बिल्डमध्ये नव्हता. अपडेटनंतर त्याने तीन क्रमांकाची लायब्ररी मागितली, त्याला तीन क्रमांकाची मिळाली, आणि तो जुन्या मापाने नव्या साच्यातून आकडे वाचू लागला. तो बंद पडला नाही. कसलीही तक्रार न करता चुकीचे अहवाल काढत राहिला. मी क्रमांक वाढवला असता, तर एक तर तो सुरूच झाला नसता आणि पहिल्याच दिवशी फोन आला असता, नाही तर शेजारी ठेवलेल्या जुन्या लायब्ररीवर तो बिनचूक चालला असता. तसं झालं नाही. अकरा दिवसांनी ग्राहकाच्या एका कारकुनाने हाताने बेरीज करून पाहिली, तेव्हा कळलं.

बैठक झाली. त्या लायब्ररीतला शेवटचा बदल आमच्याकडे नव्यानेच आलेल्या एका मुलाचा होता. सगळ्यांनी गृहीत धरलं की चूक त्याची. तो काही बोलला नाही, मान खाली घालून वहीत लिहीत राहिला. बैठकीत मला नक्की माहीत नव्हतं. दुपारी दोन तासांत कळलं. संध्याकाळी निघताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, 'सर, माझं काय चुकलं ते मला अजून सापडत नाहीये.' मी म्हणालो, 'उद्या बघू.'

हे वाक्य मी विसरू शकत नाही. बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

रात्री घरी फोन केला. अब्बांना मी तो प्रकार दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा सांगितला. ते म्हणाले, 'नंबर तोच ठेवला आणि माल बदलला? म्हणजे बिन कार्ड खोटं झालं की रे.' त्यांनी रागावून म्हटलं नव्हतं, मालाबद्दलच बोलत होते. सकाळी मी सगळ्यांना मेल लिहिला. कोणत्या तारखेला मी काय बदललं, काय बदलायला हवं होतं, आणि त्या मुलाच्या बदलाचा याच्याशी काही संबंध नाही, हे लिहिलं. मग त्याच्या टेबलाजवळ जाऊन माफी मागितली. तो 'इट्स ओके सर' म्हणाला. ओके नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्यानंतर मी जुन्या लोकांनी हे कसं सांभाळलं ते नीट वाचू लागलो. फ्रीबीएसडीच्या मुख्य सी लायब्ररीचा क्रमांक 2008 साली आलेल्या 7.0 या आवृत्तीत सात झाला. त्यानंतरच्या मोठ्या आवृत्त्या आल्या, क्रमांक सातच राहिला. बदल झाले नाहीत म्हणून नव्हे. त्यांनी आतल्या एकेका फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का मारायची पद्धत घेतली. 2018 सालच्या 12.0 मध्ये फाइलचा अंतर्गत क्रमांक 32 बिटांवरून 64 बिटांवर गेला, म्हणजे माझ्यासारखाच साचा बदलला, आणि तो तर सिस्टिमच्या मुळाशी. पण जुना प्रोग्राम आला की त्याला जुन्या मापाचं फंक्शन मिळतं, नव्याला नवं. जुने लोक कोण, कुठे, किती, हे कुणालाच माहीत नसताना केलेली ही सोय आहे.

मेक हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. नियमाखालच्या आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, स्पेस चालणार नाही, ही त्यातली अट आजही नवशिक्यांना रडवते. ती गैरसोयीची आहे हे त्यांना लवकरच जाणवलं होतं. पण तोपर्यंत डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. या गोष्टीवर आम्ही पूर्वी हसायचो. त्या डझनभर माणसांचा विचार त्यांनी केला होता, मी माझ्या एका ग्राहकाचा केला नव्हता, हे लक्षात आल्यापासून हसत नाही.

मग 29 मार्च 2024 उजाडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो धागा पकडून ते 'एक्सझेड' या दाबणी-प्रोग्रामच्या लायब्ररीपर्यंत पोहोचले. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावलेल्या, आणि पुढे सहदेखभालकर्ता झालेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने तो घातला होता. कुठून? बिल्डच्या नियमांतून. सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये ती कळ नव्हती. प्रकाशित गठ्ठ्यात एक जास्तीची फाइल होती. ती बिल्डच्या वेळी चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींतून विष काढायची आणि लायब्ररीच्या मेकफाइलमध्ये सोडायची. जागा अचूक निवडली होती. तिथे कुणी बघत नाही.

फ्रीबीएसडीच्या प्रकाशित आवृत्त्यांत जुनं एक्सझेड होतं. विकासाच्या शाखांत 5.6.0 आलं होतं, पण त्या विषारी फायली आत घेतल्याच नव्हत्या. शिवाय फ्रीबीएसडी मूळ प्रकल्पाची बिल्डची यंत्रणा वापरत नाही. बाहेरून घेतलेल्या लायब्ररीसाठीही ते आपली छोटी मेकफाइल हाताने लिहितात: या फायली घ्या, एवढ्याच घ्या. तो हल्ला मुळात लिनक्ससाठी रचलेला होता, त्यामुळे यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पण कोणत्या फायली आत येतात याची यादी कुणीतरी माणूस स्वतः लिहितो, या कंटाळवाण्या सवयीचं मोल मला त्या आठवड्यात दिसलं.

माझी चूक आणि ते कारस्थान एका पारड्यात घालायचं नाही. पण दोन्ही एकाच जागी घडले. मेकफाइल ही न दिसणाऱ्या माणसांना दिलेली हमी असते. आत काय आहे आणि माप तेच आहे का, एवढंच ती सांगते. ते खरं आहे की नाही, हे ज्याला सांगितलंय त्याला तपासता येत नाही. तो फक्त नंबर वाचतो.

आता ती लायब्ररी तो मुलगा सांभाळतो. चार क्रमांकाच्या ओळीच्या वर त्याने एक टीप लिहिली आहे: साचा बदलला तर हा आकडा वाढवा, आपल्या बिल्डबाहेरही लोक आहेत. माझं नाव त्याने लिहिलेलं नाही. मागच्या महिन्यात एका वरिष्ठाने घाईत पाठवलेला बदल त्याने त्याच कारणासाठी परत केला. मी तो निरोप दोनदा वाचला. मग अब्बांना फोन लावला आणि या वेळी सगळं माझ्या नावाने सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मला तेव्हाच कळलं होतं.'