मुरमावरचा खेळाडू

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन एका फुटबॉल संघाच्या निवडचाचणीस गेलो होतो. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांतील तालमींच्या नावांनी उतरतात. गंमत अशी की, तालमीच्या हौद्यातील तांबड्या मातीला तेल, ताक, हळद, लिंबू घालून लोण्यासारखी मऊ ठेवण्याची आपली जुनी रीत. पण फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या पायांखाली काय आहे, हे पाहावयास कोणी वाकत नाही.

भाच्याचा सगळा सराव घरामागच्या पटांगणावर झालेला. तेथे गवत औषधालाही नाही, नुसता मुरूम. खड्याला लागून चेंडू कोठेही उसळतो. म्हणून मुलगा एक पाऊल मागे राहावयास शिकतो, आणि चेंडू पायाशी न खेळवता उंच उडवून मोकळा होतो. पडला तर गुडघा सोलून निघतो, तेव्हा अंग झोकून देण्याचे तर नावच नको.

चाचणी हिरवळीवर होती. चेंडू शहाण्यासारखा सरळ येत होता, आणि आमचे भाचेराव त्याच्या उसळण्याची वाट पाहत एक पाऊल मागे! २० मिनिटांत निकाल लागला. परीक्षकांचा मला मनस्वी राग आला. परंतु तोंडी परीक्षेत इंग्रजी उच्चारांना अडखळणारी खेड्यातली किती मुले मी याहूनही लवकर वाटेस लावली असतील, हे आठवले आणि मी गप्प राहिलो.

परतताना भाचा एवढेच म्हणाला, "मामा, तिथं पडलं तरी लागत नाही."