खोडलेल्या ओळींची जागा

शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांनी लिहिले आहे त्यांना त्याची शिस्त ठाऊक असेल. मुलाने शाळा सोडली तरी त्याची ओळ जात नाही, शेवटच्या रकान्यात दाखल्याचा नंबर आणि तारीख तेवढी पडते. नावात चूक झाली तर खोडरबर चालत नाही. जुन्या नावावर तांबड्या शाईची एक आडवी रेघ, वर नवे नाव, बाजूला मुख्याध्यापकांची सही. रेघेखालचे जुने नाव वाचता आलेच पाहिजे. मी हे काम अनेक वर्षे केले, आणि संगणकात असले काही नसणार, तिथे पुसले की पुसले, अशी माझी ठाम समजूत होती. ती गेली आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयामुळे.

निवृत्तीनंतर मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. तिथली देवघेव २००४ पासून संगणकावर होते. २०२३ साली तो संगणक असा काही मंदावला की सभासदाचे नाव शोधायला पंचवीस-तीस सेकंद लागू लागले. संध्याकाळच्या वेळी रांग दारापर्यंत. मग सभेत ठराव आला की २०१५ पूर्वीच्या देवघेवीच्या सगळ्या नोंदी काढून टाकाव्यात. अकरा वर्षांच्या सुमारे पाच लाख नोंदी. इतका जुना भार कोण कशाला वाहील, असे सगळ्यांचे म्हणणे. मला ते पटेना. कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले हे त्या नोंदींवरूनच कळते, आणि कपाटे भरली की कोणती पुस्तके बाद करायची ते आम्ही त्यावरूनच ठरवतो. एका सभेचा अवधी मी मागून घेतला आणि पुण्याला डेटाबेसचेच काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. पोरगा रविवारी गाडी काढून आला.

त्याने आधी एक गोष्ट केली, जी आम्हा कुणाला सुचली नव्हती. कोणते टेबल किती जागा खाते ते मोजले. टेबल म्हणजे आपल्या रकान्यांच्या वहीसारखेच. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडले की माहिती अशा साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते एकमेकांशी क्रमांकांनी जोडावेत. सभासदाचा पत्ता एकाच ठिकाणी, सभासदांच्या तक्त्यात. देवघेवीच्या तक्त्यात फक्त त्याचा क्रमांक. पत्ता बदलला तर एकाच जागी बदलायचा. शाळेत एका मुलाचे नाव हजेरीपटात, फीच्या वहीत, निकालपत्रकात असे चार ठिकाणी लिहिताना चार तऱ्हेची शुद्धलेखने झालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे कॉडसाहेबांचे म्हणणे मला लगेच पटले.

तर मोजणीचा निकाल असा. ज्यांच्यावर सभेचा राग होता त्या देवघेवीच्या आठ लाख नोंदींनी मिळून साठ एमबीसुद्धा जागा घेतली नव्हती. आणि सभासदांच्या यादीने, जिच्यात जुने-नवे धरून ६,२०० नावे, तिने दीड जीबीच्या वर!

"सर, तुमच्या रजिस्टरसारखंच आहे हे," तो म्हणाला. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल या जातीचा. त्यात ओळ बदलली की जुनी ओळ जागच्या जागी बदलत नाही. जुनीवर रेघ पडते आणि नवी ओळ दुसरीकडे लिहिली जाते. कारणही चांगले आहे. एकजण थकबाकीची यादी छापत असताना दुसऱ्याने वर्गणी जमा केली, तर पहिल्याला अर्धी जुनी आणि अर्धी नवी यादी दिसू नये. त्याने काम सुरू केले त्या क्षणीचे चित्र त्याला शेवटपर्यंत दिसावे. जुन्या ओळी त्यासाठी राखतात. पुढे त्या कुणालाच लागेनाशा झाल्या की त्यांना मृत ओळी म्हणतात, आणि त्यांची जागा नव्या ओळींसाठी मोकळी करायला व्हॅक्यूम नावाची झाडलोट असते. ती आपोआप होण्याची सोय आहे. मुळात ठरलेला हिशोब असा की पन्नास अधिक टेबलाच्या वीस टक्के इतक्या ओळी मृत झाल्या की झाडू फिरवायचा. आमच्या यादीला म्हणजे साधारण तेराशे.

आमच्याकडे तो झाडू २०२० मध्ये कुणीतरी बंद करून ठेवला होता. देखभालीचे कंत्राट ज्यांच्याकडे होते त्यांचा समज, की झाडलोटीमुळे मशीन हळू चालते. (घर झाडताना धूळ उडते म्हणून झाडायचेच नाही, त्यातला प्रकार.) शिवाय त्यांनीच लिहिलेला एक कार्यक्रम रोज रात्री सगळ्या ६,२०० सभासदांची थकबाकी नव्याने मांडायचा, बदल झालेला असो वा नसो. रोज ६,२०० मृत ओळी, वर्षाला साडेबावीस लाखांच्या वर, तीन वर्षांत सुमारे ६८ लाख. हा गुणाकार मी स्वतः कागदावर करून पाहिला.

आता डेटाबेस वाचतो तो ओळीओळीने नाही, पानापानाने. पोस्टग्रेसचे पान आठ केबीचे. दीड जीबी म्हणजे जवळजवळ दोन लाख पाने. एक नाव शोधायला ती सगळी चाळायची, आणि त्यातली बहुतेक मेलेल्या ओळींनी भरलेली.

मी विचारले, "अरे, पण सूची नसते का? पुस्तकाच्या शेवटी असते तशी?" असते. इंडेक्स म्हणतात, आणि बहुधा तो बी-ट्री पद्धतीने रचलेला असतो. शब्दकोशात आपण पाने उघडत निम्म्यानिम्म्याने जवळ जातो, त्याच्याही पुढची युक्ती. सूचीच्या एका पानावर तीनशे खुणा मावतात असे धरा. पहिले पान तीनशे पानांकडे बोट दाखवते, त्यातले प्रत्येक आणखी तीनशेंकडे. तीन पायऱ्यांत दोन कोटी सत्तर लाख नोंदींपैकी हवी ती सापडते. मात्र सूचीला आरंभ लागतो. आमच्या शोधपट्टीत नावाचा कुठलाही तुकडा टाकता येतो, आणि तिथे साधी सूची हात टेकते. जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवा. 'जोशी' लगेच सापडत. पण शेवटी 'कर' असलेले सगळे शोधा म्हटले तर? कोकणातून आलेले अर्धे गाव वाचावे लागेल.

सूची फुकटही नसते. प्रत्येक नवी नोंद झाली की प्रत्येक सूचीत भर घालावी लागते. म्हणून दिसेल त्या रकान्याला सूची करत सुटणे हेही त्याच्या मते अडाणीपणाचेच. त्याने आमच्याकडे एकच नवी केली, देवघेवीच्या तक्त्यात सभासद क्रमांकावर. दोन तक्ते क्रमांकाने जोडले म्हणून पोस्टग्रेस त्या क्रमांकाची सूची आपणहून करत नाही, आणि ती करायची राहून गेली होती.

सोमवारी वाचनालय बंद असते. त्या दिवशी त्याने आधी सगळ्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेतली आणि मग पूर्ण व्हॅक्यूम चालवला. साधी झाडलोट मोकळी जागा त्याच टेबलापुरती राखून ठेवते. फाइलच्या अगदी शेवटची पाने रिकामी असली तरच तेवढी परत देते. पूर्ण व्हॅक्यूम जिवंत ओळी नव्या फाइलीत उतरवून जुनी फाइल टाकून देतो, पण तोवर टेबलाला कुणाला हात लावता येत नाही. म्हणून सुट्टीचा दिवस. दीड जीबीची यादी दोन एमबीवर आली. रात्रीच्या कार्यक्रमात त्याने एक अट घातली, की थकबाकी खरोखर बदलली असेल तीच ओळ लिहावी. झाडू पुन्हा चालू केला. मंगळवारी संध्याकाळी ग्रंथपालबाईंनी नाव टाइप केले आणि उत्तर आधीच समोर, त्या क्षणभर बिचकल्याच.

म्हणजे ठराव मंजूर होऊन पाच लाख नोंदी काढल्या असत्या, तर वाचनालयाचा इतिहास गेला असता, संगणक तितकाच मंद राहिला असता, आणि त्या नोंदींची फाइलसुद्धा बहुधा इंचभर कमी झाली नसती. पुढच्या सभेत मी हे जरा चढ्या आवाजात सांगितले.

पण त्याच सभेत एका तरुण सभासद बाईंनी वेगळाच मुद्दा काढला. जागेचा प्रश्न सुटला हे छान, त्या म्हणाल्या, पण कुणी वीस वर्षांपूर्वी काय वाचले हे वाचनालयाने नावानिशी का ठेवावे? याला उत्तर नव्हते. पुस्तक बाद करायचे की नाही ते ठरवायला पुस्तक आणि तारीख पुरते. दहा वर्षांपेक्षा जुन्या नोंदींतून सभासद क्रमांक काढावा असे ठरले. मीही हात वर केला.

घरी आल्यावर लक्षात आले की आमची ही २०१२ मध्ये गेली, म्हणजे तिची एकूण एक नोंद त्यात येते. विद्यार्थ्याच्याही ते ध्यानात आले असावे. त्याने फोनवर हळूच विचारले, "सर, क्रमांक काढण्याआधी काकूंची यादी छापून देऊ का? आता एका सेकंदात निघेल." मी एक दिवस मागून घेतला. ती वाचनालयाच्या पुस्तकाला घरातसुद्धा वर्तमानपत्राचे कव्हर घालायची. धूळ लागते म्हणून, असे सांगायची. पण काय वाचतेस म्हटले तर "आहे काहीतरी" याच्या पुढे उत्तर नसे. चाळीस वर्षांत मी कव्हर उघडून पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याला नको म्हणून कळवले.

क्रमांक एप्रिल २०२४ मध्ये काढले. तेही एकदम नाही. बदललेल्या प्रत्येक ओळीमागे एक मृत ओळ पडणार, म्हणून एकेका वर्षाचे क्रमांक पुसायचे, झाडू फिरवायचा, मग पुढचे वर्ष, असे. मोकळी झालेली जागा पुढच्या वर्षाला उपयोगी पडली आणि फाइल फारशी फुगली नाही.

राहिली ती सोमवारची डिस्क. तिच्यात सगळे क्रमांक जसेच्या तसे होते, आणि ती खजिनदारांच्या कपाटात. सभेने तिला ३१ मार्च २०२५ पर्यंत मुदत दिली. त्या दिवशी ती आमच्यासमोर पूर्ण पुसून पुन्हा वापरात घेतली, इतिवृत्तात तशी नोंद केली, आणि साक्षीदार म्हणून खाली खजिनदारांची व माझी सही आहे.