पुढचा शॉकअप

ब्रेक दाबला की दुचाकीचं नाक रस्त्याला टेकायचं. बारडोलीत गाळप हंगाम. उसाच्या ट्रकांमागून धुळे रस्त्याने चालवायची भीतीच बसली. आज रविवार, शेवटी मिस्त्रीकडे गेलो.

दोन्ही नळ्यांवर तेलाचं ओलं कडं, त्यावर धुळीचा थर. "सील गेलं ना?" मी विचारलं. त्याने पाईपवर नख फिरवलं. "पाईप खवाई गयो छे, भाऊ." क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे होते, नव्या सीलची धारही त्यांनी कापली असती. मग पाईप, सील दोन्ही बदलले, दोन्हीकडे सारखंच तेल मोजून भरलं.

जुनं तेल काळंकुट्ट निघालं. इंजिनचं ऑइल मी वेळेवर बदलत आलो. हे मात्र सोळा वर्षांत एकदाही नाही.