जबाबदारीचा कागद



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. जानेवारीत आम्ही सगळे दोन दिवस कोलाडच्या बाजूला एका रिसॉर्टवर गेलो होतो. तिथे माझ्यामुळे सगळ्यांचा विरस झाला. नातेवाईक मंडळींनी त्याची एकच बाजू ऐकली आहे, म्हणून हा प्रपंच.

तिथे झिपलाइन होती. पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: एका उंच मचाणापासून दुसऱ्या, जरा कमी उंचीच्या मचाणापर्यंत पोलादी दोर ताणलेला असतो. त्यावर कप्पी, आणि कप्पीला हार्नेसच्या पट्ट्यांतून लटकलेला माणूस. आमचा ईशान, वय बारा, सकाळपासून तिच्याच नावाचा जप करत होता. तिकिटाबरोबर खिडकीतल्या मुलीने एक छापील कागद पुढे केला. ‘स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत असून दुखापत झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ खाली पालकाची सही. मुलगा गाडी लावायला गेला होता, म्हणून कागद माझ्या हातात आला.

ते वाक्य मी ओळखलं. जवळजवळ तसंच वाक्य १९८७ साली मी स्वतः लिहिलं होतं.

शाळेचं स्काउटचं शिबिर होतं. मराठीच्या बाई म्हणून संमतिपत्रकाचा मसुदा माझ्याकडे आला. मी तो स्टेन्सिलवर सुवाच्य अक्षरात कोरला, चाळीस प्रती काढल्या. ओढ्यावर दोन झाडांना दोर बांधून झुलता पूल केला होता. दोर कुठला? रस्सीखेचीचा! खेळाच्या सामानाच्या खोलीत दोन पावसाळे गळक्या कौलांखाली पडलेला. तो कोणी तपासला नाही, मीही नाही. सातवीतला एक मुलगा मधोमध असताना दोर तुटला. खाली पाणी कमी, दगड जास्त. कोपराचं हाड मोडलं आणि तो हात पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. वडील शाळेत आले तेव्हा त्यांच्यापुढे माझा कागद ठेवला गेला. त्यावर त्यांचा अंगठा होता. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ‘बरं बाई’ म्हणून उठले.

असो. सही न करता मी गुडघे सांभाळत मचाणापाशी गेले. तिथल्या पोराला म्हटलं, “बाळा, तो पट्टा जरा बघू दे.”

“आजी, काही होत नाही. रोज शंभर माणसं जातात.”

काय बघायचं ते मला माहीत होतं. २०२५ मध्ये दोन बातम्या लागोपाठ वाचल्या होत्या. एप्रिलमध्ये भोर तालुक्यात एक तरुणी झिपलाइनच्या मचाणावरूनच पडून गेली, आणि जूनमध्ये मनालीत नागपूरची एक मुलगी झिपलाइनवरून कोसळून जबर जखमी झाली. तेव्हा सुनेला घेऊन बसले. तिने इंग्रजी मजकूर समजावला, मी वहीत उतरवून घेतलं.

हार्नेसचे पट्टे नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे. ऊन त्यांना हळूहळू खातं, वरून मात्र दणकट दिसतात. म्हणून त्यांना वय असतं. काही नामांकित कंपन्या तर दहा वर्षांनंतर असं साहित्य वापरूच नका म्हणतात, कोरं ठेवलेलं असलं तरी. शिवणीपाशी चिठ्ठी असते, तिच्यावर उत्पादनाचं साल असतं. कॅराबिनर म्हणजे ती उघडझाप होणारी कडी. ती किती भार पेलते ते तिच्या अंगावर किलोन्यूटनमध्ये कोरलेलं असतं. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचं वजन, तेव्हा २२ लिहिलं असेल तर सुमारे २,२०० किलो. पण तीच कडी आडवी ओढली गेली किंवा तिचं तोंड उघडं राहिलं, तर ताकद निम्म्याहून कमी होते, आणि तेही आकडे शेजारीच कोरलेले! मला ही वस्तू फार आवडली. आपली उणी बाजू अंगावर मिरवणारी माणसं किती भेटतात?

जड माणूस वेगात जातो, हलकं पोर मध्येच अडकतं. म्हणून वजनाला वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा हव्यात. शेवटी ब्रेक, आणि तो फसला तर दुसरा. मचाणावर उभं असतानाही माणूस बांधलेला हवा: दोन दोऱ्या, आणि एक सोडण्याआधी दुसरी अडकवलेली. दोरांच्या साहसी उद्यानांसाठी युरोपात ईएन १५५६७ नावाचं मानक २००७ पासून आहे. त्यात वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी सांगितली आहे, शिवाय रोज उघडण्यापूर्वीची पाहणी वेगळी. आपल्याकडे शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांना नोंदणी सक्तीची केली.

तर, त्या पट्ट्यावरची चिठ्ठी घासून पांढरी झाली होती. पोराने कुरकुर न करता दुसरा पट्टा आणला. तो चांगला होता, साल वाचता आलं, शिवण शाबूत. मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग विचारलं, “आज तपासलं कोणी? वही आहे का?”

वही होती. तारखांचे रकाने, दोर, ब्रेक, कड्या, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मी छत्तीस वर्षं हजेरीपट मांडले आहेत. एका बैठकीत, एका पेनाने भरलेलं पान ओळखायला मला चष्माही लागत नाही. त्या दिवशी तारीख होती १७. खुणा ३१ पर्यंत होत्या.

“साहेब सांगतात भरून ठेव,” पोरगा म्हणाला. विशीचा असेल, जवळच्याच वाडीतला. त्याच्यावर काय रागवायचं?

ईशान रडला नाही, पण माझ्याकडे बघेना. मुलगा म्हणाला, “आई, अगं आपल्यासमोर इतके लोक गेले, काय झालं त्यांना?”

म्हटलं, “त्या दोरावरूनही आधी एकोणीस मुलं गेली होती.”

“कुठल्या दोरावरून?”

मी उत्तर दिलं नाही. ताम्हिणी घाट ओलांडेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. तो कागद सहीशिवाय माझ्या पर्समध्ये अजून आहे. ओढ्यावरची गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. ह्यांनाही मी ती अर्धीच सांगितली होती, कागदाचं सोडून. आता लिहून टाकली.

ईशान, तू वाचत असशील तर मेच्या सुट्टीत दुसरीकडे जाऊ. वही आधी मी बघणार.