मोबाईलवरचा बंदुकीचा गेम : डॉक्टरने स्वतः खेळून पाहिला तेव्हा



या ब्लॉगवर मी सहसा बीपी, शुगर, थायरॉईड, लहान मुलांचा ताप अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत तो इतक्या वेळा येतो, की आता त्यावर लिहिणं भाग आहे. आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गेल्या पावसाळ्यात चांदूरजवळच्या एका गावातले शेतकरी आपल्या दहावीतल्या मुलाला घेऊन आले. "डॉक्टर साहेब, ह्याचं डोकं दुखते जी रोज. अन् सकाळी उठतच नाई." मी बीपी पाहिलं, हिमोग्लोबिन केलं, डोळे तपासून घ्यायला सांगितलं, गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वडील निघता निघता म्हणाले, "रातभर पबजी खेळते साहेब." बाहेर चाळीस पेशंट बसले होते. मी मान वर न करता म्हणालो, "मोबाईल काढून घ्या त्याचा."

त्यांनी डॉक्टरचा शब्द पाळला. त्याच रात्री मुलाच्या हातातून चालू गेममध्ये मोबाईल हिसकला आणि भिंतीवर आपटला. मुलगा न जेवता घराबाहेर पडला. साडेअकराच्या सुमारास तो आपल्या रेल्वे स्टेशनवर सापडला, प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाच्या बाकावर, मित्राचा मोबाईल घेऊन. आपल्या स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाड्या किती वेगाने जातात, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळांजवळ हाच गेम खेळण्यात गुंग असलेले दोन तरुण रेल्वेखाली गेल्याची बातमी तेव्हा सगळ्या पेपरांत आली होती. त्या बापाच्या डोक्यात तीच होती. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर बसून रडले.

जे औषध मला माहीत नाही ते मी लिहून देत नाही. मग जो गेम मी कधी पाहिला नाही, त्याच्यावर उपाय कसा सांगितला? म्हणून मी तो फोनमध्ये घेतला आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी खेळलो. माझा मास्तर होता तोच मुलगा.

हा गेम आहे तरी काय?

लोक अजून "पबजी" म्हणतात, पण आज मुलांच्या फोनमध्ये असतो तो बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. पबजी मोबाईल २०१८ मध्ये आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तो गेला. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने खास भारतासाठी बीजीएमआय आणला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या काळात पोरं काय करत होती? दुसरे गेम खेळत होती. बंदीने गेमचं नाव बदललं, सवय तशीच राहिली.

खेळ असा. शंभर खेळाडू विमानातून पॅराशूटने एका बेटावर उतरतात. हातात काही नसतं. घराघरांत शिरून बंदुका, हेल्मेट, मलमपट्टी गोळा करायची. नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ हळूहळू आवळत जातं, त्यामुळे सगळ्यांना जवळ यावंच लागतं. शेवटी जो उरतो तो जिंकतो. चौघांची टीमही करता येते आणि खेळताना एकमेकांशी माईकवर बोलता येतं. हे सगळं फुकट.

दुसऱ्याच दिवशी मी अकरा जणांना मारलं आणि मॅच जिंकली. छाती फुगवून मुलाला सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. "सर, थे बॉट होते. नवीन माणसाले गेम जिंकवतेच." म्हणजे सुरुवातीच्या मॅचमध्ये समोर बरेचसे खेळाडू कॉम्प्युटरने चालवलेले असतात. जिंकण्याची चव आधी लावतात, मग खरी माणसं समोर आणतात. पंचावन्न वर्षांचा एमडी डॉक्टर त्यात सहज सापडला, तर पंधरा वर्षांच्या मुलाचं काय घेऊन बसलात!

शरीरात काय होतं?

मी बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो. बसल्या जागी माझी नाडी ७८. शेवटच्या वर्तुळात दहा जण उरले तेव्हा ती १०४ झाली. तळहात ओले. शरीराला खरी गोळी आणि पडद्यावरची गोळी यातला फरक तेवढा कळत नाही. ॲड्रिनलिन सुटतंच. रात्री बारा वाजता ते सुटलं, की मोबाईल ठेवल्यावरही तासभर झोप लागत नाही. मला लागली नाही.

या वयात मुलांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटे दोनला झोपून सातला उठवलेल्या मुलाचं डोकं दुखणारच. त्यात पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. मान तासन् तास खाली. म्हणजे मी दोनदा ज्याला गोळ्या दिल्या, त्या डोकेदुखीचं कारण झोप, डोळे आणि मान यांत होतं. एकच प्रश्न विचारायला हवा होता : "रात्री किती वाजता झोपतोस?"

दोन गोष्टी, ज्या आईवडिलांना माहीत नसतात

पहिली. या गेममध्ये मध्येच थांबायची सोय नाही. मोठ्या नकाशावरची एक मॅच साधारण अर्धा तास चालते. आई जेवायला हाक मारते तेव्हा पोरगं म्हणतं, "आलो, दोन मिनिटं." आपल्याला वाटतं खोटं बोलतोय. खरं तर त्याला स्वतःलाच माहीत नसतं. मध्येच उठलं तर टीममधले तिघे उघडे पडतात आणि त्याची रँक घसरते. चालू मॅचमध्ये मोबाईल हिसकणं म्हणजे त्याच्या लेखी मित्रांना दगा देणं. हे कळलं तेव्हा त्या रात्रीच्या भांडणाचं मूळ मला दिसलं.

दुसरी. गेम फुकट आहे, पण दुकान आत आहे. कपडे, बंदुकीचे रंग, पेट्या. त्यासाठी यूसी नावाचं गेममधलं चलन खऱ्या पैशाने घ्यावं लागतं. पेटीतून काय निघेल ते आधी कळत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की दाणा दर वेळी न मिळता कधीतरी, अचानक मिळाला तर पक्षी चोच मारायचं लवकर सोडत नाही. पेटीचं तत्त्व तेच. घरातला एकच फोन आणि त्यातच यूपीआय असेल, तर पिन मुलाला सांगू नका.

बंदुकीमुळे मुलं हिंसक होतात का?

पालकांची सगळ्यात मोठी भीती ही असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलं, की अशा गेममुळे ओरडणं, ढकलाढकली असा चिडकेपणा थोडा वाढलेला दिसतो. पण मोठ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. माझा अनुभवही तोच. मला बंदुकीपेक्षा घड्याळाची काळजी जास्त वाटते.

मग हा आजार कधी म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डरचा समावेश केला आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहतात :

१. किती खेळायचं यावर ताबा राहत नाही.
२. जेवण, अभ्यास, मित्र या सगळ्यांच्या वर गेम जाऊन बसतो.
३. नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं.

आणि यामुळे घर, शाळा, नाती यांवर ठळक परिणाम झालेला हवा, साधारण वर्षभर. लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येतं. रोज तासभर खेळणारा, वेळेवर झोपणारा, मैदानावर जाणारा मुलगा आजारी नाही. त्याला व्यसनी म्हणून हिणवू नका.

म्हणून "किती तास खेळतो?" एवढंच विचारून थांबू नका. "खेळायला लागल्यापासून काय काय सुटलं?" हे विचारा. आमच्या या मुलाची झोप सुटली होती, सकाळचं जेवण सुटलं होतं, व्हॉलीबॉल सुटला होता. पण एक गोष्ट गेममुळे टिकली होती, आणि ती मी विचारली तेव्हाच कळली. त्याचा चुलतभाऊ शिकायला पुण्याला गेला होता. लहानपणापासून दोघं एकाच ताटात जेवलेले. रोज रात्री साडेदहानंतर माईकवर भेटायचे. बापाने मोबाईल फोडला तेव्हा मुलाचा गेम तुटला, आणि भाऊही.

आम्ही काय केलं

वडिलांनी दुसरा मोबाईल घेतला, तो घराचा म्हणून. मुलाच्या जुन्या खात्यात वय अठराच्या वर टाकलेलं निघालं. १८ वर्षांखालील मुलांसाठी बीजीएमआयमध्ये पालकांच्या नंबरवर ओटीपी येतो आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा असते. तुमच्या घरीही आधी हे तपासा. माझ्या मते ३ तासही जास्तच आहेत. आम्ही तास मोजलेच नाहीत, मॅच मोजल्या. शाळेच्या दिवशी दोन, रविवारी चार. खेळायचं ओसरीवर, सगळ्यांसमोर. चालू मॅचमध्ये बाबा हात लावणार नाहीत, आणि संपल्यावर मुलगा स्वतः मोबाईल देईल. रात्री नऊनंतर मोबाईल आईच्या उशाशी. भावाला फोन करून वेळ आठ वाजताची ठरवली. तो म्हणाला, "मलेही झोप पायजेच होती."

दोन महिन्यांत डोकेदुखी गेली. सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. मधे दोनदा करार मोडला, एकदा मुलाने आणि एकदा वडिलांनी. पण आता ते भांडले तरी बोलतात.

तुमच्या मुलाची झोप, शाळा, जेवण सुटलं असेल, मोबाईल काढल्यावर तो जिवाचं काही करीन म्हणत असेल, तर वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाईन चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि एक काम आज रात्रीच करा. मुलाच्या शेजारी बसा आणि म्हणा, "मले शिकव बरं हे." अर्धा तास जाईल. तुम्ही पहिल्याच मिनिटाला मराल, पोरगं हसेल. त्यानंतर तुम्ही त्याला जे सांगाल, ते तो ऐकण्याची शक्यता माझ्या त्या दिवशीच्या सल्ल्यापेक्षा नक्कीच जास्त आहे.

काळजी घ्या, आणि वेळेवर झोपा.