केबिनमधला दिवा

पिकअप गाडीच्या केबिनमध्ये टपाला चिकटून एक लहानसा दिवा असतो. गाडीच्या साऱ्या सरंजामात त्याच्याइतकी उपेक्षा क्वचितच कुणाच्या वाट्याला येत असेल. पुढचे दिवे गेले तर रात्रीची फेरी रद्द होते. मागचा लाल दिवा गेला तर वाटेत पोलीस हटकतो. हा गेला तर कुणाचे काहीच अडत नाही. चालत्या गाडीत तर तो लावूही नये, असा जाणत्या ड्रायव्हरांचा दंडक आहे. कारण आत उजेड झाला की समोरच्या काचेत आतलेच प्रतिबिंब उमटते आणि बाहेरचा रस्ता अंधुक होतो. गाडी थांबते तेव्हाच काय ते त्याचे काम सुरू होते.

नारायणगावजवळच्या एका खेड्यातील तरुण शेतकऱ्याच्या पिकअपमधला हा दिवा 2023 च्या जून महिन्यात गेला. पुढच्याच महिन्यात टोमॅटोला कधी नव्हे असा भाव आला. संध्याकाळी क्रेट भरायचे, माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणमार्गे वाशीचा बाजार गाठायचा आणि सकाळी परतायचे, असा क्रम लागला. दार उघडल्यावर अंधार हटला नाही, की त्याला दिव्याची आठवण होई. दार लावताच ती विरून जाई.

उशिराच्या लागणीचा माल निघाला तो सप्टेंबरात. तोवर भाव कोसळले होते. त्या रात्री आबाही बरोबर आले होते. पहाटे साडेतीनच्या सुमारास गाळ्यावरच्या दिवाणजीने हिशेबाची पट्टी त्यांच्या हातात ठेवली, आणि मागच्या गाडीचा हॉर्न वाजू लागला म्हणून दोघे घाईने निघाले. कल्याण मागे पडल्यावर चहासाठी गाडी थांबली, तेव्हा आबा म्हणाले, “जरा दिवा लाव रे. शेवटचा आकडा नीट लागला नाही मला.”

“दिवा गेलाय, आबा. घरी गेल्यावर बघू.”

आबांनी “बरं” म्हटले. पुढे मुरबाड गेले, टोकावडे गेले. दोघांत एक शब्द झाला नाही. मुलाला वाटले, म्हातारा माणूस, डोळा लागला असेल. घाट चढून गाडी माथ्यावर आली तेव्हा उजाडत होते. त्या पहिल्या उजेडात त्याने शेजारी पाहिले. आबा टक्क जागे होते. पट्टी त्यांच्या मुठीत होती आणि घामाने तिची घडी मऊ पडली होती. त्याने गाडी कडेला घेतली आणि पट्टी वाचली. हमाली, तोलाई वजा जाता उरलेल्या रकमेत फेरीचे डिझेलही निघत नव्हते. आबांना आकडा लागला होता. तो चुकीचा वाचला गेला असावा, एवढीच आशा त्यांना मुलाकडून तपासून घ्यायची होती. दोन तासांहून अधिक काळ ते त्या आशेसह शेजारीच बसून होते, आणि त्याला ते दिसले नव्हते.

त्याच दुपारी नारायणगावच्या एका दुकानातून त्याने बल्ब आणला. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. 12 व्होल्ट, 5 वॅट. दुकानदार एलईडी घ्या म्हणत होता. ती टिकते जास्त आणि वीज खाते कमी, हे खरेच. पण त्याला पहिल्यासारखाच पिवळा उजेड हवा होता.

स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्याने दिव्याचे झाकण अलगद उचकटले. जुन्या बल्बची काच आतून काळवंडली होती. टंगस्टनची तार दोन हजार अंशांहून अधिक तापून उजेड देते आणि तसे करताना कणाकणाने झिजते. झिजलेले कण काचेवर बसतात. थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढाच असल्याने बटण दाबताक्षणी तिच्यातून कितीतरी पट प्रवाह धावतो, आणि जिथे ती सर्वांत बारीक झालेली असते तिथे तुटते. म्हणून असे बल्ब बहुधा पेटता पेटताच जातात. एरवी त्यांच्या झिजेची कुणाला वार्ता नसते.

ज्या दोन पत्र्यांच्या चापांत बल्ब बसतो, त्यांवर हिरवट गंज चढला होता. तो त्याने पॉलिश पेपरने घासून काढला, चाप किंचित आत वळवले आणि नवा बल्ब दाबून बसवला. दार उघडले, उजेड पडला. सारे मिळून दहा मिनिटांचे काम होते. तीन महिने ते राहून गेले होते.

त्या आठवड्यात आणखी एक फेरी झाली. परतताना मुरबाडच्या अलीकडे त्याने आपण होऊन गाडी बाजूला घेतली, दिवा लावला आणि हात पुढे केला. आबांनी पट्टी दिली. भाव वाढलेला नव्हता. दोघांनी डोकी जवळ आणून ओळीमागून ओळ वाचली; हमालीच्या बेरजेत आबांना शंका आली, ती त्याने बोटे मोजून फेडली. आकडा होता तोच राहिला. मग आबा म्हणाले, “मिटव आता. पुढचा रस्ता दिसायचा नाही.”

त्याने दिवा मालवला आणि गाडी घाटाकडे वळवली. उरलेल्या वाटेवर दोघे पुढच्या लागणीविषयी बोलत होते.