बटण (आपले)

आमच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीत एक दरपत्रक टांगलेलं आहे. शर्ट, पँट, साडी साधी, साडी स्टार्च, ब्लँकेट एकेरी, ब्लँकेट दुहेरी. सगळं छापलेलं. त्याच्या खाली, जागा उरली होती म्हणूनच बहुधा, कुणीतरी निळ्या पेनानं दोन ओळी वाढवल्या आहेत :
बटण (आपले) 10 रु.
बटण (आमचे) 15 रु.

कंसातले ते दोन शब्द मला इतके आवडले की यांचा शर्ट द्यायला गेले होते ते विसरून मी तिथेच उभी राहिले. बटण आपलं की त्यांचं, एवढाच काय तो प्रश्न. सुई-दोरा कुणाचा, हात कुणाचा, याची चर्चाच नाही. ते आता त्यांच्याकडेच.

काउंटरवरच्या पोरानं शर्ट उलटासुलटा केला आणि विचारलं, "काकू, बटण आहे का?" होतं. पर्समध्ये, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात, आठवडाभर. मी ते काढून दिलं. दहा रुपयांत काम झालं.

मला बटण लावता येतं. चांगलं येतं. पण हे मी त्या पोराला सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे घरीही कधी सांगितलेलं नाही.

माझं लग्न झालं 1991 साली. आहेरात 'रुचिरा'च्या दोन प्रती आल्या, एक मावशीकडून आणि एक बँकेतल्या मैत्रिणींकडून. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक 1970 चं. तोवर नव्या नवरीला देण्याच्या वस्तूंत त्याचं स्थान पक्कं झालं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तोळे-मासे सोडून वाटी-चमच्यानं मोजायला शिकवणारं पुस्तक म्हणजे उपकारच आहेत. माझी तक्रार असलीच तर एवढीच, की पुढे दोन वर्षांनी माझ्या भावाचं लग्न झालं तेव्हा त्याला तीन घड्याळं आली आणि 'रुचिरा' एकही नाही. 'रुचिरा'च्याही आधी, 1910 साली, लक्ष्मीबाई धुरंधरांनी हजार पाकक्रियांचं जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'गृहिणीमित्र'. हजार पदार्थ, आणि मित्र कुणाचा हे मुखपृष्ठावरच ठरलेलं.

पण मला भाकरी शिकवली ती अण्णांनी.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. उजनीच्या धरणाचं काम सरत आलं होतं तेव्हा त्यांची बदली तिकडे झाली. आमच्या शाळा सांगलीत, आजी सांगलीत, म्हणून बिऱ्हाड सांगलीतच राहिलं आणि अण्णा भीमानगरच्या वसाहतीत एका खोलीत. पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं, शनिवारी रात्री उशिरा एसटीनं यायचे आणि रविवारी दुपारी परत जायचे. तिथे ते जेवतात कुठे, कपडे कोण धुतं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. आजीला पडायचा. "पोराचे हाल होतात गं तिकडं," असं ती आईकडे बघत म्हणायची, जणू बदलीची ऑर्डर आईनं काढली होती.

1978 च्या मे महिन्यात मी अकरा वर्षांची होते आणि मला कांजिण्या येऊन गेल्या होत्या. धाकट्या भावाला लागू नयेत म्हणून मला आधी मामाकडे ठेवलं, आणि तिथून अण्णा मला आठ-दहा दिवसांसाठी भीमानगरला घेऊन गेले. हवापालट म्हणून. मे महिन्यातलं सोलापूर जिल्ह्यातलं ऊन म्हणजे हवापालटच.

खोलीत शिरल्यावर पहिली गोष्ट दिसली ती दोरी. खिळ्यापासून खिळ्यापर्यंत बांधलेली, आणि तिच्यावर अण्णांचे दोन शर्ट, एक लेंगा आणि एक टॉवेल, काठाला काठ जुळवून घातलेले. खाली वातीचा स्टोव्ह, घासून लखलखीत केलेला. फळीवर पाच डबे. अण्णांनी चप्पल काढली, हातपाय धुतले, बनियनवर आले आणि परात पुढे ओढली. मी खाटेवर बसून बघत होते. सांगलीत या माणसाला तांब्या-भांडं कुठे ठेवलेलं असतं ते माहीत नव्हतं.

त्यांनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "विरी गेलीय. उकळतं पाणी लागेल." ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी कडेला चिरत जाते, गरम पाण्यानं तिंबलं की ते पुन्हा वळणावर येतं. ही माझ्या आयुष्यातली पहिली पाककृती. मग त्यांनी थापली. एका हाताची बोटं थापत होती, दुसरा हात कडेनं परातीतली भाकरी फिरवत होता, आणि आवाज अगदी आईच्या भाकरीसारखाच येत होता. मला आठवतं, मी डोळे मिटून पाहिलं होतं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि तवा न उतरवता फडक्यानं कडा दाबून तिथेच फुगवली. "थेट जाळावर टाकली की रॉकेलचा वास लागतो," म्हणाले. पिठलं मात्र त्यांचं जरा विचित्र असायचं. मिरची कमी, लसूण भरपूर आणि हिंग इतकं की खोलीभर वास राहायचा, रात्री उशीलासुद्धा.

त्या आठ दिवसांत मी भाकरी थापायला शिकले. पहिल्या दिवशी नकाशे झाले. अण्णा एकेक नकाशा उचलून "हा सातारा जिल्हा, हा कुलाबा" असं ओळखत खायचे.

सकाळी सात-पाचच्या बातम्या लागल्या की ते शिवणाचा डबा घ्यायचे. ट्रान्झिस्टर खिडकीत, आणि अण्णा दारात उजेडाला बसलेले. बटण लावताना ते बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीतली एक काडी आडवी ठेवायचे आणि तिच्यावरून टाके घालायचे. चारही भोकं झाली की काडी ओढून काढायची. मग बटण सैल होऊन जरासं वर उचललं जायचं, आणि खाली जे दोरे दिसायचे त्यांना तोच दोरा चार वेळा गच्च गुंडाळायचा. "मान ठेवायची बटणाला," ते सांगायचे. "नाहीतर काजात घुसताना कापड गोळा होतं, आणि बटण तुटत नाही, कापड फाटतं." मान ही गोष्ट बटणाला असते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्या दिवशी उगाचच, न तुटलेली तीन बटणं कापून पुन्हा लावली.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं पंढरपूरला गेलो. दर्शन झाल्यावर अण्णा मला गोपाळपूरला घेऊन गेले. तिथे जनाबाईचं जातं दाखवतात. जातं ते जातंच, काळं, झिजलेलं. पण तिथे हात लावून बायका खुंटा फिरवून बघत होत्या. विठोबा रात्री यायचा, जनीबरोबर दळायचा, शेण्या वेचायचा, धुणं धुवायचा, ही गोष्ट मला आजीनं सांगितलेली होतीच. अण्णांनी पुढची सांगितली. एकदा दळता-दळता पहाट झाली, काकड आरतीची वेळ झाली आणि देव घाईघाईनं पळाला. पदक जनीच्या घरी विसरला. सकाळी देवळात पदक नाही, ते सापडलं जनीकडे. चोर कोण? जनी. तिला सुळावर द्यायला नेलं.

"मग देव का नाही म्हणाला, मी दळायला गेलो होतो म्हणून?" मी विचारलं.

अण्णांनी रुमालानं मान पुसली. "सुळाचं पाणी केलं की त्यानं," म्हणाले. आणि आम्ही उसाचा रस प्यायला गेलो.

पुढे ही गोष्ट मी कित्येकदा ऐकली, कीर्तनांतही ऐकली, आणि दर वेळी मला सुळाच्या पाण्यापेक्षा आदल्या रात्रीचंच कोडं जास्त वाटत आलं आहे. काम दोघांनी केलं, आळ एकीवर आला, आणि चमत्कार देवाच्या नावावर जमा झाला.

सांगलीला परतलो तो रविवार होता. अण्णा ओसरीवरच्या खुर्चीत बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाले, "पाणी आण गं जरा." आई घेऊन आली. मी उंबऱ्यात उभी होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि त्यांनी पान उलटलं. कुणाला सांगू नकोस, असं ते मला कधीही म्हणाले नाहीत. त्याची गरज पडली नाही. आतून आजी म्हणत होती, "वाळला गं पोरगा."

महिन्याभरानं आजीनं मला भाकरी शिकवायला घेतली. माझी पहिलीच भाकरी टम्म फुगली तेव्हा ती म्हणाली, रक्तातच असतं हे. मी हो म्हटलं.

2019 मध्ये केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर एक पाहणी केली : माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात. स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका तेव्हा दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात देत होत्या आणि पुरुष 97. त्यातही असं काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच, बायका एक्याऐंशी. पेपरात तो तक्ता पाहिला तेव्हा माझ्या मनात आलं, पाहणीवाला भीमानगरला गेला असता तर अण्णा सव्विसांत, सांगलीला आला असता तर चौऱ्याहत्तरांत. माणूस तोच, परात तीच. घरकाम प्रत्येकाला आलं पाहिजे की नाही यावर लोक हिरिरीनं बोलतात, शाळेत विषय ठेवा म्हणतात. आम्हाला होता की शाळेत, कार्यानुभव. आम्ही क्रेप कागदाचे गुलाब केले.

येण्याचं मला फारसं कौतुक वाटेनासं झालं आहे ते यामुळेच. येतं तर पुष्कळांना. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे कपडे धुतले, अंथरुणं आवरली, खोल्या झाडल्या. त्याच्या आठवणी लोकांनी भरल्या डोळ्यांनी लिहिल्या, आणि त्या लिहायलाच हव्या होत्या. पण त्या छात्रालयातल्या प्रत्येक मुलाच्या घरी तेच काम करणारं कुणीतरी होतं, आणि त्याची आठवण लिहायची असते हे कुणाला सुचलं नसेल. आमच्याकडेही रविवारचं मटण हे करतात. उत्तम करतात. मसाला भाजायला लागले की शेजारच्यांना कळतं, मित्रांना फोन जातात, आणि जेवणं झाल्यावर ओट्याकडे पाहिलं की वाटतं इथे काहीतरी ऐतिहासिक घडून गेलं आहे.

मीही काही कमी नाही. 1989 साली नोकरीला लागले तेव्हा शाखेत आम्ही दोघीच मुली होतो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी रिजनल ऑफिसचे साहेब आले, शिपाई रजेवर होता, आणि मॅनेजरांनी अगदी गोड आवाजात विचारलं, चहा कोण चांगला करतं? मी म्हटलं, मला नाही येत. सरळ डोळ्यांत बघून. माझी मैत्रीण भाबडी, ती म्हणाली, मी करते की. त्यानंतर ती शाखा सोडेपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, प्रत्येक साहेबाचा चहा तिनं केला. मी मात्र कर्जविभागात गेले, पुढे अधिकारी झाले. निरोप समारंभात कुणीतरी माझ्याबद्दल हसत म्हणालं, मॅडमना साधा चहासुद्धा येत नाही. मी हसले. ती मैत्रीण समोरच बसली होती, तीही हसली. तिनं माझ्या घरी माझ्या हातचा चहा शेकडो वेळा घेतलेला आहे.

आता कुणी विचारलंच, की निदान एक गोष्ट कोणती सगळ्यांना यावी, तर मी सिलिंडर म्हणेन. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. अशा वेळी दिव्याचं बटण खाली-वर करायचं नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या. आणि त्याला जो वास येतो तो गॅसचा नसतोच. गॅसला मुळात जवळजवळ वासच नसतो. ती दुर्गंधी कारखान्यात मुद्दाम मिसळतात, घरात काहीतरी आहे हे कळावं म्हणून.

शर्ट परवा परत आला. दोरा पांढरा, बटण पांढरं, बाकी काही म्हणायला जागा नाही. फक्त चपटं लावलंय, कापडाला चिकटून. मान नाही.

अण्णा गेल्यानंतरच्या दिवाळीत मी आईकडे होते. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो आणि कशावरून तरी मी तिला भीमानगरचं सगळं सांगितलं. परात, विरी, काडेपेटीची काडी. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं. मला वाटलं होतं ती थक्क होईल, कदाचित चिडेल.

"हिंग फार घालायचे," आई म्हणाली.

मी हातातली जुडी खाली ठेवली. आई भीमानगरला कधी गेलेली नव्हती. आजीला सोडून ती कुठे जाणार? "तू कधी खाल्लंस त्यांचं पिठलं?"

"शनिवारी यायचे ना रात्रीचे," ती म्हणाली. "तुम्ही सगळे झोपलेले असायचात." आणि माझ्यापुढची मेथी थोडी स्वतःकडे ओढून घेतली.